पलंगाखालचे दोन टायर

माझ्या नातवंडांनो, हे तुम्हाला तुमची आई वाचून दाखवेल. तुम्ही मराठी छान बोलता, पण वाचायला बसलात की दुसऱ्या ओळीला जांभई येते, हे मला माहीत आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हालाही सोपं गेलं असतं आणि मलाही. जन्मभर कॉलेजात तेच शिकवलं. पण तुमच्या मामाशी मी कधी इंग्रजीत बोलले नाही, आणि हे सगळं त्याच्या गाडीबद्दल आहे.

आत्ताच लिहायचं कारण असं की, थोरले, तू नाताळच्या सुट्टीत येते आहेस आणि तुला ती गाडी चालवायची आहे. आल्या आल्या तू चाकांपाशी वाकून बघशील. टायर नवे आहेत आणि ते मामाने निवडलेले नाहीत, हे तुझ्या लक्षात येईल. ते आजोबांनी आणि मी निवडले. स्टिअरिंगला हात लावण्याआधी ते कसे निवडले हे तुला माहीत असावं.

धाकट्याला गाडी आठवत नसेल. लांब नाकाची, बुटकी, लाल. जोर सगळा मागच्या चाकांना, आणि जोर असा की आमच्या नारायणगुड्याच्या गल्लीतून ती बाहेर पडायची तेव्हा समोरच्या बाल्कनीतल्या अम्मा कपडे वाळत घालायचं सोडून कानांवर हात ठेवायच्या. बसायला दोनच जागा. म्हणून मामा तुम्हाला एकेकाला फिरवून आणायचा, आणि मागे राहिलेला फाटकाला धरून रडायचा. ‘या गाडीत मी भाजी कुठे ठेवू?’ असं मी विचारलं होतं. ‘आई, या गाडीत भाजी ठेवत नाहीत, भाजीवालीला लिफ्ट देतात,’ तो म्हणाला.

आजोबांचं आणि त्याचं टायरवरून कायम वाजायचं. आजोबा पाटबंधारे खात्यातले इंजिनिअर. वस्तू टिकली पाहिजे, हा त्यांचा धर्म. मामाचे मागचे टायर वर्ष-दीड वर्षात गुळगुळीत व्हायचे.

‘अरे, टायर आहेत का उदबत्त्या?’ आजोबा म्हणायचे. ‘लावल्या की संपल्या?’

‘बाबा, तुमच्या जुन्या गाडीचे टायर पेन्शन घेऊन निवृत्त झाले होते. ते टायर नव्हते, लाकूड होतं.’

‘लाकूड तर लाकूड. पुढचे मागे, मागचे पुढे केले की आणखी दोन वर्षं काढायचे.’

‘हिचे मागचे रुंद आहेत, पुढचे अरुंद. पुढचे मागे बसतच नाहीत.’

‘म्हणजे ज्याने बनवली त्याला काटकसर ठाऊक नाही,’ असं म्हणून आजोबा पेपर उघडायचे.

एकदा जेवताना त्याने मला समजावलं होतं. ताटाशेजारी आपला हात पालथा ठेवला आणि म्हणाला, ‘आई, एवढी भारी गाडी, पण रस्त्याला टेकते ती फक्त एवढी. एका चाकाला एक तळहात. चार तळहात, बस. बाकी सगळी गाडी हवेत. म्हणून मी तळहातांवर कंजूषपणा करत नाही.’ मग त्याने तोच हात पोळीला लावला, म्हणून मी त्याला हात धुवायला पाठवलं.

मला त्या गाडीची फार भीती वाटायची. तो आउटर रिंग रोडवर गेला की माझं कशात लक्ष लागायचं नाही. फाटकाचा आवाज येईपर्यंत मी गॅलरी आणि स्वयंपाकघर यांत येरझाऱ्या घालायची. लोक अजूनही हलक्या आवाजात विचारतात, ‘गाडीनेच ना?’ नाही. गाडीने त्याचं कधी काही केलं नाही. तो गेला तापाने. पावसाळ्यात डासांचा ताप आला, आधी आम्ही क्रोसिन दिली, मग दवाखाना, मग मोठा दवाखाना, आणि मग परत आलो ते आम्ही दोघंच. तुम्ही लहान होतात. तुमची आई एकटी विमानाने आली, तुम्हाला आणलं नाही. मी इतकी वर्षं चुकीच्या वस्तूला घाबरत होते.

तो दवाखान्यात असताना एक टेम्पो दाराशी आला. मामाने आजारी पडायच्या आधी मागचे दोन टायर मागवले होते, ते आले. आजोबा त्या दिवशी त्याचे कपडे न्यायला घरी आले होते. त्यांनी सही करून ते उतरवून घेतले आणि दवाखान्यात जाऊन त्याच्या कानाशी सांगितलं, ‘टायर आले रे.’ मामा बोलण्याच्या स्थितीत नव्हता, पण त्याने हात वर केला. आजोबांचं म्हणणं, त्याने अंगठा वर केला. मी त्या वेळी डॉक्टरांशी बोलत होते, मी पाहिलं नाही.

ते टायर बसवले गेले नाहीत. आजोबांनी माझ्या जुन्या सुती साडीत ते गुंडाळले आणि मामाच्या खोलीतल्या उंच पायांच्या पलंगाखाली आडवे सरकवले. आपल्या घरात नवी वस्तू लगेच वापरायची नाही, चांगल्या दिवसासाठी ठेवायची, ही जुनी सवय. नवी चादर, नवा कुकर, सगळं आधी कपाटात मुरतं. टायरही तसेच मुरत पडले. खाली पार्किंगमध्ये गाडी आवरणाखाली, वर पलंगाखाली तिचे टायर.

दर रविवारी आजोबा खाली जाऊन गाडी सुरू करायचे आणि हातभर पुढे, हातभर मागे घ्यायचे. एकाच जागी उभी राहिली की टायर खाली चपटे होतात, असं त्यांनी मला सांगितलं. दसऱ्याला इथल्या पद्धतीप्रमाणे गाडीला झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. मग जम्मीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन ते वर यायचे आणि पलंगाखालच्या टायरांनाही हळदकुंकू लावायचे.

माझं वेगळंच होतं. नरकचतुर्दशीला मी मुलांना पाटावर बसवून तेल लावायची, ती मोठी झाली तरी. मामा नोकरीला लागला तरी अर्धी चड्डी घालून पाटावर बसायचा आणि एका हाताने फोन बघत म्हणायचा, ‘आई, डोक्यावर जोरात, पाठीवर हळू.’ तो गेला त्या वर्षी आम्ही दिवाळी केली नाही. पुढच्या वर्षी पहाटे उठून मी सवयीने वाटीभर तेल कोमट केलं. आजोबांना लावलं. वाटीत निम्मं उरलं. ते परत बाटलीत ओतायला माझा हात होईना. मग मी त्याच्या खोलीत गेले, खाली बसले, साडी सोडली आणि ते तेल टायरांना लावलं. काळं रबर, त्यावर ती नक्षी, आणि नव्या टायरवर असतात ते केसांसारखे बारीक रबरी तंतू. हाताला ते जावळासारखे लागले. मी ते तुटू न देता हलक्या हाताने तेल चोळलं.

वर पाहिलं तर आजोबा दारात उभे. अंगाला तेल, कमरेला पंचा. मला वाटलं, आता म्हणतील, वेड लागलं का. ते म्हणाले, ‘उटणं नको लावूस. नक्षीत अडकेल.’

त्यानंतर दर दिवाळीला ते माझं काम झालं. लाकडी देवघराला तेल लावतो, दाराच्या बिजागऱ्यांना लावतो, तसं टायरालाही लावलं की ते तडकणार नाहीत, असंच मला वाटत होतं. आजोबा दर वेळी दारात येऊन उभे राहायचे आणि मग अंघोळीला जायचे.

या श्रावणात तुझा फोन आला, थोरले. तुला लायसन्स मिळालं होतं. तू म्हणालीस, ‘आजोबा, मामाची कार स्टिल चालते ना? मी आले की मी ड्राइव्ह करणार हं, प्रॉमिस करा.’ आजोबांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, ‘चालते म्हणजे? एकदम फर्स्ट क्लास. प्रॉमिस.’

मी त्यांच्याकडे बघत राहिले. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचं रविवारचं खाली जाणं थांबलं होतं. बॅटरी केव्हाच संपली होती. चारही टायर खाली बसले होते, आणि आवरणावर मांजरीचं बाळंतपण झालं होतं.

‘खोटं का बोललात?’

‘खोटं नाही. डिसेंबरपर्यंत खरं होईल.’

‘अहो, पोरगी नवशिकी. ती गाडी तिच्या हातात द्यायची? विकून टाकू या आपण.’

‘विकू,’ ते म्हणाले. ‘पण तिने एकदा चालवल्यावर. आणि त्याचे टायर घालून.’

पण मला झोप लागेना, हे तुला सांगते. मला त्या गाडीबद्दल पुन्हा तेच वाटायला लागलं, गॅलरी आणि स्वयंपाकघर. या वेळी तुझ्यासाठी.

गणपतीनंतर मेकॅनिक आला, नवी बॅटरी बसवली, इंजिनाचं जे काय करायचं ते केलं. मग गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकवर चढवून सिकंदराबादला टायरांच्या मोठ्या दुकानात नेली. आम्ही दोघं ऑटोने मागून, मांडीजवळ साडीत गुंडाळलेले दोन टायर. ऑटोवाल्याने मागे वळून विचारलं, ‘अम्मा, बेटी की बिदाई है क्या?’ मला हसू आलं, पण आजोबा हसले नाहीत.

दुकानाचे मालक आमच्या वयाचे, सोन्याच्या काडीचा चष्मा, एसी केबिन. मामाला ओळखत होते. ‘लाल गाडीवाले? हर बार बोलते थे, चचा, इस बार आखरी,’ असं म्हणून त्यांनी चहा मागवला. मग साडी सोडली. आधी टायरवर छापलेले आकडे बघितले. टायर कोणत्या वर्षी बनला ते त्यावरून कळतं. मग अंगठ्याने रबर दाबलं, बोटं नाकाशी नेली.

‘साब, ये तो बूढ़े हो गए. चले नहीं, फिर भी बूढ़े हो गए.’ आणि जरा थांबून, ‘पर इसकू तेल किने लगाया? तेल से रबर फूल जाता, साब, अंदर से गल जाता.’

मी तोंड उघडणार इतक्यात आजोबा म्हणाले, ‘मैंच लगाया.’

‘आप? इंजिनिअर साब होके?’

‘हौ. मैंच.’

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते टायराकडेच बघत होते. तेव्हा मला कळलं की त्यांना पहिल्या दिवाळीपासून माहीत होतं. पंचा नेसून दारात उभे होते तेव्हाही. ज्या माणसाने जन्मभर एक खिळासुद्धा वाया जाऊ दिला नाही, त्याने मुलाचे शेवटचे टायर माझ्या हाताने वर्षानुवर्षं खराब होऊ दिले, आणि सांगितलं काय, तर उटणं लावू नकोस. मी चहाचा कप उचलला. आजोबांच्या हातात दिला.

आता नवे घ्यायचे होते. मालकांनी तीन दाखवले. एक कडक, सात-आठ वर्षं जाणारा. ‘खडी गाडी के लिए येइच अच्छा.’ एक मधला, मऊ पण पावसाच्या पाण्यासाठी खोल खाचा असलेला. आणि तिसरा मामाच्याच जातीचा, त्याच नक्षीचा, आजच्या तारखेचा.

आजोबांनी तिसऱ्यावर हात ठेवला. ‘हाच. त्याने हाच निवडला होता.’

मी मालकांना विचारलं, हा कसा वागतो? त्यांनी सरळ सांगितलं. हा गरम झाला की रस्त्याला गोंदासारखा चिकटतो. गरम व्हायला जोरात पळवावा लागतो. थंड असताना, सकाळच्या वेळी, किंवा ओल्या रस्त्यावर पाय जरा जास्त पडला, तर मागची बाजू सुटते आणि गाडी गोल फिरते. ज्याला त्या गाडीचा हात माहीत आहे तो सावरून घेतो.

‘छोटे साब को हात मालूम था,’ ते म्हणाले. त्यांनी ‘था’ म्हटलं आणि ते लगेच खाली बघायला लागले.

मी आजोबांना मराठीत म्हटलं, ‘त्याने तो स्वतःसाठी घेतला होता.’

‘त्याची शेवटची निवड आहे गं.’

‘आहे. पण चालवणार ती आहे. आणि ती हळू चालवणार. टायर थंडच राहणार.’

आजोबांनी हात उचलला नाही. बाहेर कुठेतरी हवेची मशीन फुसफुसत होती. मी पुढे म्हटलं, ‘तो इथे असता तर त्याने भाचीसाठी कोणता घेतला असता?’

मग त्यांनी तो हात मधल्या टायरवर ठेवला, पालथा, तळहात पसरून, जसा मामाने ताटाशेजारी ठेवला होता. ते त्या दिवशी जेवायला होते हे मी विसरले होते. ‘चारही याच जातीचे द्या, आपापल्या मापाचे,’ ते मालकांना म्हणाले. ‘पुढे एका जातीचा, मागे दुसऱ्या, असं नको.’ आणि मग केबिनच्या बाहेर जाऊन उभे राहिले. चष्मा काढून पुसत होते. मी त्यांना पुसू दिला.

जुने टायर मालकांनी ठेवून घेतो म्हटलं. आजोबा म्हणाले, गाडीखालचे ठेवा, साडीतले नाही.

नवे टायर सुरुवातीला निसरडे असतात. वरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत काही दिवस सावकाश चालवावे लागतात. ते तुझ्यावर सोडायचं नव्हतं. आजोबांचे डोळे तसे. राहिले मी. मी आमच्या जुन्या गाडीतून रोज कॉलेजला जायची आणि माझं लायसन्स मी आजवर वेळेवर नवं करून घेतलं आहे. ही गाडी बिनगिअरची, म्हणून धीर केला.

दार उघडून बसले तर पाय पोहोचेनात. खुर्ची अजून मामाच्या मापाची होती, मागे ढकललेली. मी खाली हात घालून कडी शोधत होते, तर आजोबा म्हणाले, ‘थांब.’ वर जाऊन खडू आणला, वाकून खुर्चीच्या रुळावर मामाच्या जागेची एक रेघ मारली, आणि म्हणाले, ‘आता घे पुढे.’ मी पुढे घेतली. ती सरकताना जो आवाज झाला तो मला आवडला नाही.

महिनाभर रोज सकाळी आम्ही तलावाकाठच्या टँक बंडपर्यंत जाऊन येत होतो. मी चाळीसच्या वर गेले नाही. आजोबा शेजारी बसून म्हणायचे, ‘पाय हलका. डांबर ओलं आहे. पाय हलका.’ एकदा सिग्नलला दोन पोरं मोटारसायकलवरून वाकून बघायला लागली. ‘अम्मा, रेस लगाते?’ मी म्हटलं, ‘नक्को बेटा, घुटने दुखते.’ ती हसून गेली. आजोबाही हसले, मग खिडकीकडे वळले, आणि घर येईपर्यंत तिकडेच बघत राहिले. एवढं सगळं आम्ही त्याच्यामागे शिकलो, आणि आम्हाला चिडवायला तो नाही.

तर गाडी चालते. आजोबांचं प्रॉमिस खरं झालं. तू ये, चालव, पण पाय हलका ठेव. पाऊस आला तर घरी ये. मी गॅलरीत असेन. त्यानंतर गाडी विकायची की नाही, हे आम्ही अजून बोललो नाही.

मागच्याच आठवड्यात दिवाळी झाली. नरकचतुर्दशीला मी तेल कोमट केलं, आजोबांना लावलं आणि उरलेलं बाटलीत ओतायला निघाले. ते म्हणाले, ‘का गं? लाव की. आता त्यांना कुठे धावायचं आहे?’ या वेळी ते दारात थांबले नाहीत. शेजारी जमिनीवर बसले. एका टायरला मी लावलं, एकाला त्यांनी.

गाडी सोडली तर मामाने निवडलेलं घरात आता एवढंच उरलं आहे: त्याच्या पलंगाखाली दोन टायर, एकदाही रस्त्याला न लागलेले. तेलाने फुगले आहेत, कडेला बारीक भेगा पडल्या आहेत. त्यांच्यावरची ती जावळं मात्र अजून आहेत.